सहाव्या पेटीचा निरोप

रविवार होता, दहा फेब्रुवारी दोन हजार आठ. अकोल्याच्या स्टँडवरून सकाळची पातूरची एसटी पकडली तेव्हा मांडीवर कंपनीचा लॅपटॉप होता आणि पिशवीत दोन पराठ्यांचा डबा, शिवाय अब्बांनी बळेच दिलेला त्यांचा वीज तपासायचा जुना मीटर. अब्बांचं अकोल्यात पंपांच्या जळालेल्या मोटारी नव्यानं बांधायचं दुकान आहे. "चीज देखी नहीं और दुरुस्त कैसे करेगी, परवीन?" असं त्यांनी निघताना विचारलं, आणि मला त्यांचाच राग आला, कारण ते बरोबर होते. अमरावतीला राजापेठेतल्या ऑफिसात बसून दीड वर्ष मी ज्या कालव्याचा प्रोग्राम लिहिला, तो कालवा कंपनीनं मला एकदाही दाखवला नव्हता. "काय पाहायचं तिथं? पाणी अन् चिखल," असं आमचे नितेशसर म्हणायचे. आता प्रोग्राम अडून बसला, तेव्हा मात्र सुट्टीच्या दिवशी पळ म्हणाले.

पातूरच्या स्टँडवर शालिकराम मोटारसायकल घेऊन उभे होते. ते सरकारी कालवा निरीक्षक, निवृत्तीला वर्षभर उरलेलं, गळ्यात मफलर. मोरखेड धरणाचा कालवा त्यांच्याकडे. दोन्हीकडे तुरीची कापणी होऊन गेली होती, हरभरा घाट्यांना आला होता आणि पाण्यावाचून सुकत होता. त्या हरभऱ्यासाठीच फेब्रुवारीची पाण्याची पाळी सोडायची होती, आणि आठ दिवस झाले तरी कालव्याचे गेट उघडत नव्हते.

कंपनीचं काम थोडक्यात सांगते. चौदा किलोमीटरच्या कालव्यावर आठ लोखंडी पेट्या. प्रत्येकीत एक कार्ड, एक रेडिओ, वर सौर पट्टी. पेट्या पाण्याची आणि गेटची खबर देणार, धरणावरच्या खोलीतला आमचा प्रोग्राम ते निरोप गोळा करणार आणि गेटना हुकूम सोडणार. अशा प्रोग्रामला मिडलवेअर म्हणतात, म्हणजे मधला निरोप्या. आमच्याला आणखी एक शेपूट होतं, अडॅप्टिव्ह. परिस्थिती पाहून तो आपले नियम स्वतः बदलायचा. जी पेटी रोज वेळेवर बोलते तिच्यावर त्याचा विश्वास वाढायचा, जी बरळते तिचं बोलणं तो फेकून द्यायचा. उशिरा आलेला निरोपही फेकायचा, कारण या धंद्यात उशिराचा निरोप शिळा.

या कामाचे ठरलेले बेत असतात, शिंप्याकडे सदऱ्याचे असतात तसे. त्यातला एक बेत म्हणजे बदली. एखादी पेटी तीन सेकंदांत बोलली नाही, तर प्रोग्राम तिच्या जागी एक बदली पेटी उभी करतो आणि ती 'सगळं ठीक' म्हणून टाकते. एका तुटक्या तारेपायी अख्खा कालवा अडून राहू नये, एवढाच हेतू. बदली मी लिहिली होती. बदलीनं चोवीस तासांच्या वर बोलू नये, ही मुदतही मीच घातली होती.

जानेवारीच्या बारा तारखेला पहिल्यांदा या पद्धतीनं पाणी सोडलं आणि त्याच दिवशी नत्थुजी नावाचे चौकीदार कालव्याच्या बोगद्यात बुडून मेले. चौकशी लागली. कंपनीनं लिहून दिलं की बोगद्याच्या खालच्या तोंडाशी सहावी पेटी आहे, आत माणूस आहे की नाही ते ती ओळखते. तिनं सव्वादहाला 'रिकामा' असा निरोप दिला, मगच गेट उघडलं. म्हातारा नंतर दारूच्या नशेत आत शिरला असणार. सहाव्या पेटीचा तो निरोप खरा होता, अशा दाखल्यावर माझी सही हवी होती. दाखला टाइप करून माझ्या पिशवीत दिला होता. सोमवारी चौकशीचे साहेब स्वतः कालव्यावर येणार होते.

शालिकरामांनी गाडी टेकडीच्या पायथ्याशी थांबवली. इथं कालवा टेकडीच्या पोटात शिरतो. तीनशे मीटरचा बोगदा, मध्ये वाकलेला, त्यामुळे या तोंडातून त्या तोंडाचा उजेड दिसत नाही. पाणी नसलं की तो कोरडा असतो. पलीकडं गवत आणि शेतं, अलीकडं गाव. वळसा घालायचा तर दीड किलोमीटर, म्हणून गावातल्या बाया बोगद्यातूनच जातात येतात. हे मला दीड वर्षात कुणी सांगितलं नव्हतं.

वरच्या तोंडाशी आमचं पाचवं गेट होतं, आणि शेजारच्या कडुलिंबाच्या फांदीला एक जाड साखळी लोंबत होती. तिला खाली काहीच नव्हतं.

"इथं रुळाचा तुकडा होता," शालिकराम म्हणाले. "रेल्वेचा. चांदूरवरून आनला होता, म्या नोकरीले लागाच्या आदी. नत्थुजी त्याच्यावर तीन ठोके द्याचे. तीन मंजे, पानी सोडून राहिलो, अंदर कोनी हाय का? खालच्या तोंडाले त्याची बायको सुभद्रा. थे अंदर वाकून पाहे, हाक मारे, अन् मंग तिच्या रुळावर दोन ठोके. दोन मंजे अंदर कोनी नाई. दोन आल्याबिगर गेट उघडाचं नाई. मंत्री येऊन उभा राहिला तरी नाई."

"आणि दोन आलेच नाहीत तर?"

"तं सोता अंदर जाऊन पाहाचं. या तोंडातून त्या तोंडापावतर चालत. हा कायदाच होता त्याइचा."

मी गेटकडे पाहत राहिले. विचारा, उत्तराची वाट पाहा, उत्तर नाही आलं तर स्वतः जाऊन बघा. जो बेत आम्ही जाड इंग्रजी पुस्तकांतून शिकलो, तो या टेकडीवर एका रुळाच्या तुकड्यावर चालत होता, आणि आमच्यापेक्षा नीट चालत होता. आमच्यात 'जाऊन बघा' नव्हतंच.

"रूळ कुठं गेला?"

"तुमच्या कंपनीच्या मानसायनं काढला. दहा तारखेले. म्हने आता पेट्या बोलतीन. भंगारात गेला."

बारा तारखेची पाळी सकाळी अकरा वाजताची ठरली होती, तेही त्यांनीच सांगितलं. धरणात पाणी भरपूर, सगळ्या पेट्या 'ठीक' म्हणतायत, म्हणून प्रोग्रामनं वेळ पाऊण तास अलीकडं ओढली. हे त्याचं कसब आम्ही माहितीपत्रकात ठळक छापलं होतं. चौकीदाराला कळवायचं काम त्याला कुणी दिलं नव्हतं, मीही नाही.

टेकडीला वळसा घालून आम्ही खालच्या तोंडाशी गेलो. सहावी पेटी सिमेंटच्या खांबावर होती, भोवती काटेरी तारेचं नवं कुंपण. कुलूप गंजलं होतं. शालिकरामांनी पान्हा घालून ते मोडलं.

पेटी रिकामी होती.

कार्ड नाही, रेडिओ नाही, सेन्सर नाही. वरच्या सौर पट्टीच्या दोन तारा आत आल्या होत्या आणि कशालाही न जोडता लोंबत होत्या. कोपऱ्यात गांधीलमाशीचं जुनं, वाळलेलं पोळं होतं. पेटीच्या पत्र्याला बाहेरून निळा रंग आणि वर सुबक अक्षरात सहा. हा प्रकल्प शेतकऱ्यांसाठी आलेल्या पॅकेजातून झाला होता. माणसं मरत होती म्हणून आलेल्या मदतीतून आम्ही रिकामा डबा खांबावर ठोकला होता आणि त्याला रंग दिला होता.

मी तिथूनच नितेशसरांना फोन लावला.

"सहामध्ये कार्ड नाहीये, सर."

"ते दुसऱ्या टप्प्यात आहे ना," ते म्हणाले. मागं टीव्हीवर मॅच चालू असल्याचा आवाज येत होता.

"मग महिनाभर बोललं कोण? बदलीला मी एका दिवसाची मुदत घातली होती."

"ती मी काढली. परवीन, तू तिथं वाद घालायला गेली का? अडकलेलं सोडव, सही कर, ये."

फोन त्यांनी ठेवला. मी खांबाला टेकून लॅपटॉप उघडला आणि पेट्यांचं बोलणं पडद्यावर लावलं. पहिली ठीक. दुसरी ठीक. तिसरी, चौथी, पाचवी ठीक.

दहा वाजून बारा मिनिटांनी सहावी बोलली.

निरोपात काहीच नव्हतं. नुसती कोरी ओळ, पाठवणारी पेटी सहा. एका सेकंदानं दुसरी. एका सेकंदानं तिसरी. मग शांत. दहा तेराला पुन्हा तीन.

माझ्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती खोडीची. कुणीतरी दुसरा रेडिओ सहाच्या नावानं लावला असेल. मी अब्बांचा मीटर काढून लोंबत्या तारा तपासल्या. सौर पट्टीसुद्धा मेलेली होती. शालिकरामांना पाठवून पाचव्या आणि सातव्या पेटीची बॅटरी काढायला लावली. पाचवी गप्प झाली, सातवी गप्प झाली. सहावीचे तीन कोरे निरोप दर मिनिटाला येत राहिले. मी रिकाम्या पेटीत हात घालून चारही बाजूंना चाचपलं. पत्रा उन्हानं तापला असायला हवा होता. तो गार होता, ओलसर.

गेट का अडलं ते मात्र मला लगेच उमगलं, आणि ते माझ्याच प्रोग्रामनं केलं होतं. सहावी आता गप्प नव्हती, म्हणून बदली उभी राहत नव्हती. पण तिचा निरोप कोरा होता, म्हणून 'रिकामा' हेही उत्तर मिळत नव्हतं. पूर्वी असलं कोरं बोलणं तो कचरा म्हणून फेकून द्यायचा. आता फेकत नव्हता. मी विश्वासाचे आकडे पाहिले. एकोणतीस दिवस, रोज सकाळी, एक सेकंदही इकडंतिकडं न होता ती बोलली होती. आठ पेट्यांमध्ये प्रोग्रामचा सर्वांत जास्त विश्वास सहावीवर बसला होता.

"ठोके पडून राहिले का?"

मी दचकून मागं पाहिलं. कुंपणापलीकडं बाभळीच्या सावलीत एक पन्नाशीची बाई सुपात तूर पाखडत बसली होती. ती केव्हापासून तिथं होती कोण जाणे. शालिकराम बॅटऱ्या परत लावून येत होते, त्यांनी तिला पाहून मफलर सारखा केला आणि हळू आवाजात म्हणाले, "सुभद्राबाई."

"कसले ठोके?" मी विचारलं.

"त्याइचे. मले आता आयकू नाई येत. पयले दोन-चार दिवस आयकू आले." तिनं सूप खाली ठेवलं. "तुमी कंपनीच्या?"

"हो."

"बावीस वर्सं म्या इथून जबाब देला. खालच्या चौकीदाराची जागा सरकारनं भरलीच नाई, मनून कागदावर माहं नाव नाई. तुमच्या मानसायनं तार घातली अन् मले म्हने, बाई, इथं उभं राहाचं नाई, इथं आता पेटी बोलते. त्या दिवशी मी घरी भाकरी टाकून राहिली होती." ती उठून तारेजवळ आली. "मले एक सांगा. माह्या जागी कोन बोललं?"

"पेटी बोलली."

"पेटीत तं काई नाई. दिसून राहिलं मले इथून. मंग कोन बोललं?"

शालिकराम दुसरीकडं पाहत होते. मी कंपनीचं नाव घेऊ शकले असते. नितेशसरांचं घेऊ शकले असते, आणि ते खोटंही झालं नसतं.

"मी," मी म्हणाले.

तिनं मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "तं मंग उद्या साहेबाले तुमीच सांगा, थे पेले नव्हते. जिंदगीत थेंब नाई घेतला त्यायनं. पेपरात आलं, दारू पिऊन शिरला. पोरीच्या सासरी वाचलं सगळ्यायनं."

"सांगते. पण तुम्ही ठोके ऐकले म्हणता, मग उत्तर का नाही दिलं?"

"दोन ठोकू?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "दोन मंजे अंदर कोनी नाई. मी खोटं कशी ठोकू?"

"अहो, पण त्यांचं सगळं झालं ना? तुम्हीच केलं ना?"

"केलं. पाच किलोमीटर खाली सापडले, गावानं उचललं, अग्नी देला." तिनं बोगद्याच्या तोंडाकडं पाहिलं. "पन मंग इचारून कोन राहिलं?"

दुपारी मी धरणावरच्या खोलीत बसले. प्रोग्राम दोन नोंदवह्या ठेवतो. एक मानलेल्या निरोपांची, ती कंपनीनं चौकशीला दिली होती. दुसरी फेकलेल्या निरोपांची. ती कुणी उघडत नाही, तीस दिवसांनी ती आपोआप पुसली जाते. बारा जानेवारीचं पान उद्या रात्री पुसलं जाणार होतं. मी ते उघडलं, लॅपटॉपवर उतरवून घेतलं आणि वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. मग लॅपटॉप मिटून पिशवीत घातला.

सोमवारी साडेनऊला वरच्या तोंडाशी दोन जीपगाड्या लागल्या. चौकशीचे साहेब, त्यांचा कारकून आणि इस्त्रीच्या शर्टातले नितेशसर. गावातली पंधरावीस माणसं लांब उभी होती. सुभद्राबाईला शालिकरामांनी गाडीवर आणलं होतं. ती गेटजवळ मातीत बसली.

"मॅडम दाखला देतील आणि लगेच पाणी सोडून दाखवू," नितेशसर साहेबांना म्हणाले. मग माझ्या कानाशी आले. "सहा नंबर यादीतून काढून टाक. सातच पेट्या ठेव."

मी काढला. त्यांच्या डोळ्यांदेखत. यादीत सहा उरली नाही. मग त्यांनी स्वतः पाण्याचा हुकूम दिला.

पहिलं गेट उघडलं. दुसरं, तिसरं, चौथं. पाणी कालव्यातून येताना दिसू लागलं, पुढं पाचोळा ढकलत. पाचव्या गेटला येऊन थांबलं आणि चढू लागलं.

दहा बारा. पेटी सहा. कोरी ओळ. कोरी ओळ. कोरी ओळ.

"काढली ना तू?" नितेशसर म्हणाले.

"काढली."

दहा तेरा. तीन.

"हे मुद्दाम करतेय साहेब ही," ते ओरडले. "हातानं उघडा रे! हँडल घाला!"

हँडल माझ्या पायाशी होतं. मी ते उचललं आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलं. "आत कुणी आहे का ते आधी बघा."

"कोण असणार आत?"

"मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, सर, कारण तिथं डबा आहे, नुसता डबा!" मी साहेबांसमोर किंचाळले. आयुष्यात इतक्या मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते.

दहा चौदा. तीन.

सुभद्राबाई उठली. कुणाला काही न विचारता बंद गेटच्या पुढच्या उतारावरून कालव्यात उतरली आणि बोगद्याच्या तोंडाशी वाकली.

"कोन हाय व अंदर?"

आतून काही आलं नाही. फक्त थंड हवा. ती पदर डोक्यावर घेऊन अंधारात शिरली. आम्ही उभे होतो. गेटमागं पाणी चढत होतं. पडद्यावर दर मिनिटाला तीन ओळी पडत होत्या.

सहा मिनिटांनी ती बाहेर आली. तिच्यामागं चार बाया, डोक्यावर गवताचे भारे. त्या हसत होत्या. एवढी माणसं पाहून गप्प झाल्या. साहेबांनी टोपी काढून हातात घेतली.

"आता रिकामा आहे ना?" नितेशसरांनी विचारलं.

सुभद्राबाईनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "त्या दिवशी त्यायनं इचारलं होतं का? थे सांगा पयले. मंग मी जबाब देतो."

मी पिशवीतून दाखला काढला, साहेबांच्या हातात दिला आणि म्हणाले, यावर मी सही करणार नाही. मग लॅपटॉप उघडून फेकलेल्या निरोपांचं पान मोठ्यानं वाचलं.

"बारा जानेवारी. दहा बारा, पेटी सहा, तीन कोरे निरोप. फेकले. दहा तेरा, तीन. फेकले. दहा चौदा, तीन. फेकले. दहा पंधरा, पेटी सहाची बदली म्हणते, रिकामा. मानला. पाचवं गेट उघडलं." मी साहेबांकडं पाहिलं. "त्यांनी तीनदा विचारलं. उत्तर आलं नाही म्हणून नियमाप्रमाणं ते आत बघायला गेले. पाळी अकरा वाजताची होती. दारू प्यालेला माणूस असं करत नाही."

"पण रूळ तर दहा तारखेलाच काढला होता," कारकून म्हणाला. "त्यांनी ठोकलं कशावर?"

"इचारलं होतं," सुभद्राबाई स्वतःशी म्हणाली. मग मला विचारलं, "बस? एवढंच हाय का त्याच्यात?"

"बस," मी म्हणाले.

ती टेकडीला वळसा घालून गेली. आम्ही वाट पाहिली. वीस मिनिटं गेली. टेकडीच्या पलीकडून पत्र्यावर दगड आपटल्याचा आवाज वाऱ्यावर पुसट आला. एक. दोन.

पडद्यावर पेटी सहा. दोन कोऱ्या ओळी.

माझ्या प्रोग्राममध्ये दोन ओळींना काहीच अर्थ नाही. हँडल माझ्या हातात होतं. पाचव्या गेटची मोटार घरघरली, गेट वर सरकू लागलं आणि पाणी बोगद्यात शिरलं.

पुढचं लवकर सांगते, कारण त्याचा राग अजून गेलेला नाही. अहवालातून 'दारू' हा शब्द काढला. त्या जागी 'तांत्रिक कारण' घातलं. तांत्रिक कारणाला नाव नसतं, त्यामुळं नितेशसरांना काही झालं नाही, आणि मलाही नाही. मी लेखी दिलं होतं की बदली मी लिहिली, ते पान अहवालाला जोडलंच नाही. पेट्या पावसाळ्याआधी काढून नेल्या. शालिकरामांनी कुठून तरी रुळाचे दोन नवे तुकडे आणून टांगले, आणि खालच्या चौकीदाराच्या जागेवर सुभद्राबाईचं नाव लागलं. तिच्या लेकीच्या सासरी मी स्वतः जाऊन पेपरातली दुरुस्ती दाखवून आले. कंपनी सोडली. अब्बांच्या दुकानात मोटारी बांधते. जे हातात असतं तेच दुरुस्त करते.

ते पान माझ्याकडं आहे. सुभद्राबाईला मी 'बस' म्हणाले ते खोटं होतं. दहा पंधराला गेट उघडलं त्याच्याखाली आणखी ओळी आहेत. दहा सोळा, पेटी सहा, तीन. दहा सतरा, तीन. पाणी भरलेल्या बोगद्यातून मिनिटामागून मिनिट, एकही न चुकता, आणि प्रत्येकीपुढं माझ्या प्रोग्रामचा शेरा, फेकला. दहा चाळीसपर्यंत तीन-तीन आहेत.

दहा एक्केचाळीसला शेवटची नोंद आहे. दोन.